आलास, आलात

निळं झाकण... खोकल्याच्या बाटलीचं, काठाला गोड थर सुकलेला, आणि त्यात दोन गोळ्या, एक पांढरी, एक अर्धी मोडलेली गुलाबी. चैतालीनं ते स्टुलावर ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला आणि आतल्या खाटेकडे न बघताच म्हणाली, "गोळ्या ठेवल्यात."

"व्हय," आतून आवाज आला. लकव्यानंतर यशवंतचे शब्द जरा घसरत यायचे.

झाकणामुळे हाताला हात लागत नाही. आणि गोळ्या ठेवल्यात, चहा झालाय, जेवण वाढलंय, असं म्हटलं की समोरच्याला कुठल्याच नावानं हाक मारावी लागत नाही. गेले तीन आठवडे ती आपल्या वडिलांशी अशीच बोलत होती. तूही नाही, तुम्हीही नाही. मराठीत अशी पळवाटेची वाक्यं पुष्कळ सापडतात, शोधणाऱ्याला... आणि शोधणं हा तर तिचा धंदाच होता.

ती परदेशी मालिकांचे संवाद मराठीत लिहायची. सध्या हातात होतं एक जपानी कार्टून, मुलांचं, बेटाबेटांवरून फिरणाऱ्या नाओ नावाच्या मुलीचं. त्याचा हा तेविसावा सीझन. मराठीत पहिल्यांदाच येणार होता. पहिल्या सीझनच्या पहिल्या भागात नाओचा बाप होडीत बसून निघून जातो आणि अकरा वर्षांची नाओ त्याला शोधायला निघते. तेवीस सीझन झाले, नाओ अजून अकराचीच आहे. चैतालीनं तो पहिला भाग शेजारच्या गुरम्माच्या टीव्हीवर हिंदीत पाहिला तेव्हा ती नऊ वर्षांची होती, म्हणजे नाओ तिच्याहून मोठी; आता ती चौतीसची, आणि नाओ... अकरा.

त्याच वर्षी यशवंत श्रीपूरकडे साखर कारखान्यावर कामाला गेला होता. "हंगाम संपला की येतो," म्हणाला होता. गुरम्माच्या मुलानं तिला सांगितलेलं, सीझन म्हणजे हंगाम. आणि नऊ वर्षांच्या डोक्यात दोन्ही हंगाम एक होऊन बसले — हा संपला की नाओचा बाप येणार, आणि आपलाही. ऊस संपला, धुराडं थांबलं, मालिकेचा शेवटचा भाग झाला. कोणीच आलं नाही. मग कळलं की तिकडे एक बाई आहे, संसार आहे. आईनं, येसूबाईनं, विड्या वळून वळून चैतालीला शिकवलं आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हाही हा आला नाही. आला तो तीन आठवड्यांपूर्वी, कोणाच्या तरी जीपमधून, एक पिशवी आणि लुळा उजवा हात घेऊन. "ती बाई वारली. यांचं आता कुणी न्हाय," जीपवाला म्हणाला. चैताली दारातून बाजूला सरकली. तेवढंच. 'ये' म्हणाली नाही, 'या' म्हणाली नाही.

आणि आज हा एक्केचाळिसावा भाग. नाओचा बाप सापडतो. दीपगृहाच्या पायरीवर बसलेला, दाढी वाढलेला. नाओ त्याला बघते आणि दोनच शब्द बोलते. इंग्रजी संहितेत सोपं होतं, 'यू केम?'; तिथं एकच 'यू', लहानालाही तोच आणि थोरालाही तोच. मराठीत मात्र... आलास? आलात? काल तिनं लिहून पाठवलं होतं, 'येणं झालं?' सकाळीच स्टुडिओतून श्रावणीचा फोन आला.

"चैताली, 'येणं झालं' असं कोण बोलतं गं? अकरा वर्षांची मुलगी आहे ती, मामलेदार नाही. तू की तुम्ही, काय ते एक ठरव. चारपर्यंत पाठव."

ती पडद्याकडे बघत बसली. नाओचं तोंड उघडतं, मिटतं. लहानपणी आपण बापाला काय म्हणत होतो? दादा म्हणायचो, हे आठवतं. खांद्यावर बसून त्याचे कान धरायचो, हेही आठवतं. पण क्रियापद... क्रियापद आठवत नाही. पंचवीस वर्षं मनातल्या मनात त्याच्याशी भांडताना आपण काय म्हणत होतो — कुठे होतास, की कुठे होतात...

"पानी आलं की!" बाहेर गल्लीत कोणीतरी ओरडलं.

पाच दिवसांनी नळ आला होता. ती जरा वेळानं उठून मोरीशी गेली तर यशवंत आधीच तिथं. डाव्या हातात पाइप, उजवा हात लोंबता, पिंप भरून वाहतंय, ओल्या फरशीवर त्याचा एक पाय पुढे सरकतोय...

"अरे पडशील ना! तू कशाला उठलास? सोड तो पाइप!"

तिनं त्याचा दंड धरला. हलका होता तो, इतका हलका की तिला क्षणभर भीती वाटली. पाणी दोघांच्या पायांवरून वाहत राहिलं.

"वाया चाललं हुतं म्हनून उठलो," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता हसला, वाकड्या तोंडानं. "चिडली की येसू बी मला असंच अरेतुरे करायची."

"आईचं नाव काढू नका."

नका. तिला स्वतःलाच ऐकू आलं ते. एकाच मिनिटात दोन्ही बाहेर आलं होतं. पडेल म्हणून जीव घाबरला तेव्हा तू. आणि दगड मारायचा होता तेव्हा तुम्ही. इतकी वर्षं तिला वाटत होतं की 'तुम्ही' म्हणून मान दिला म्हणजे माफ केलं.

यशवंतनं मान हलवली. "न्हाय काढत," म्हणाला, आणि भिंतीला धरून धरून खाटेकडे गेला.

घागरी भरून, ओला परकर बदलून ती पुन्हा लिहायला बसली. 'आलास?' लिहिलं. पुढच्या वाक्याला, जिथं नाओ रागानं पायरीवर पाय आपटते, तिथं लिहिलं, 'इतके दिवस कुठे होतात तुम्ही?' आणि पाठवून दिलं.

श्रावणीचा लगेच फोन. "अगं, आधी तू आणि मग तुम्ही? चूक आहे ही."

"चूक नाहीये. राहू दे."

"बघते. रेकॉर्डिंगला मुलगी अडखळली तर बदलीन हं."

अडखळू दे, असं चैतालीच्या मनात आलं. तिनं फोन ठेवला.

संध्याकाळी ती चहा घेऊन आत गेली. पेला स्टुलावर न ठेवता त्याच्या डाव्या हातात दिला, बशी चादरीवर ठेवली. त्यानं लॅपटॉपच्या दिशेनं हनुवटी हलवली.

"दिसभर काय करतीस गं त्यात?"

"एक पोरगी आहे. तिच्या तोंडी मराठी घालते. आज तिचा बाप सापडला."



"मंग? घेती का घरात?"

"पुढचा भाग अजून पाठवला नाही त्यांनी."

त्यानं चहा बशीत ओतायचा प्रयत्न केला. एका हातानं जमेना, थोडा चादरीवर सांडला. तिला राग आला. हा आजच धुतलेल्या चादरीचा राग होता, एवढासा. घरातल्या माणसाचा येतो तसा. तो मोठा, जुना राग कुठे गेला नव्हता, तिथंच होता... पण हा छोटा त्याच्या आधी आला होता, आणि तिला कळेना की याचं काय करायचं. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिनं बशी धरली.