गळ्याच्या मापाचे दोरे

मित्रांनो, मी एक जुनी ठुशी आहे. जुनी म्हणजे मोडीत घालायच्या लायकीची, असं कोणी समजू नका. ज्वारीच्या दाण्याएवढे माझे मणी, तेही दाटीवाटीने बसलेले. छातीवर लोळत पडणं माझ्या स्वभावात नाही. ते लांब हारांनी करावं. मी कंठाच्या घाटीखाली, गळ्याला चिकटून बसते. बाईने आवंढा गिळला की मी वर जाते आणि खाली येते. म्हणून बाईचा गळा मला जेवढा कळतो तेवढा तिच्या नवऱ्यालासुद्धा कळत नाही.

माझा जन्म १९६२ सालचा, चाकणच्या पेठेतला. मणी सोनाराने घडवले, पण मला रेशमात ओवलं ते मीरासाहेब पटवेकऱ्यांनी. ज्या आठवड्यात भोसरीच्या रानावर कारखान्यांसाठी मोजणीची साखळी पडली, त्याच आठवड्यात मोशीच्या जाईबाईच्या गळ्यावर माझं माप पडलं. मीरासाहेब परक्या बाईच्या गळ्याला बोट लावत नसत. ते दोरा पुढे करत. बाईने तो आपल्या हाताने गळ्याभोवती घ्यायचा, टोकं जिथे भेटतील तिथे नखाने चिमटायचा. मग तिथे ते गाठ मारत आणि त्या मापावर दागिना ओवत. माझ्या मागे आकडा आणि कडी, सैल-घट्ट करायची सोय नाही. मापाचा दोरा मात्र ते टाकत नसत. पत्र्याच्या डब्यात प्रत्येक बाईचे दोरे वेगळे बांधून ठेवत. बाई वारली की तिचे दोरे नदीत सोडत.

जाईबाई म्हणजे तिखटाची पूड. रानं गेली, मुलं कंपनीत शिफ्टला जाऊ लागली, पण तिचा दरारा तसूभर कमी झाला नाही. लोक म्हणत, एक वेळ कंपनीचा भोंगा वाजायचा राहील, जाईबाईची हाक राहणार नाही. त्या हाकेची थरथर सगळ्यांत आधी माझ्या मण्यांना लागायची. मला त्याचा गर्व होता.

मग एका वर्षी माझ्याखाली कोणीतरी राहायला आलं.

डाव्या बाजूला. आधी तुरीच्या दाण्याएवढं, मग चिंचोक्याएवढं. ते दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. जाईबाई गिळायची तेव्हा मी वर जायची, आणि कातड्याखालून तेही माझ्यामागून वर यायचं. मी खाली उतरले की तेही उतरायचं. ती झोपली की निपचित पडायचं, पण मला वाटायचं, ते जागं आहे आणि माझे मणी मोजतंय. या पाहुण्याची खबर घरात कोणालाच नव्हती.

मला बोलता येत नाही. मी टोचू लागले.

रेशीम घामाने कुजतं, म्हणून तीन-चार वर्षांनी मला पुन्हा ओवून घ्यावं लागे. जाईबाई दुकानात शिरली ती तोफ डागतच.

"मीरासाहेब, तुमचं रेशीम आखडतंय. गळा आवळून मारता काय मला?"

"न्हाई वहिनी, चांगलं सुरती रेशीम हाय."

"मग काय माझा गळा सुजलाय?"

मीरासाहेबांनी मान खाली घातली. तिने चिमटून दिलेला नवा दोरा त्यांच्या हातात होता आणि जुना डब्यात. फरक त्यांना दिसला. पण त्या तोंडासमोर कोण बोलणार? त्यांनी गुपचूप मला नव्या मापावर ओवलं. पुढच्या खेपेलाही तेच. त्याच्या पुढच्या खेपांनाही. मी पुन्हा ऐसपैस बसू लागले आणि टोचणं विसरले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा काळ, आणि त्याचीच मला आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

१९८१ साली मीरासाहेबांची मुलगी सलिमा रजेवर घरी आली होती. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ती नर्स होती. दुकानात बसून ती डबा आवरत असताना जाईबाई मला गळ्यात घालून आली, तीच जुनी तक्रार घेऊन. सलिमाने जाईबाईचे दोरे सोडले आणि पांढऱ्या कापडावर एकाखाली एक मांडले. सहा दोरे. पहिले दोन सारखे. त्यापुढचा प्रत्येक दोरा आधीच्यापेक्षा गव्हाभर लांब.

"अब्बा," ती हळूच म्हणाली, "रेशीम आखडत असेल. पण मापं कशी लांबली?"

सलिमाने जाईबाईच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि समोर आरसा धरला. "मावशी, ठुशी काढून एक घोट घ्या."

जाईबाईने घोट घेतला. आरशात ते वर आलं, आणि सावकाश खाली गेलं. इतकी वर्षं मी त्याला झाकून बसले होते.

"तपासायला पाहिजे," सलिमा म्हणाली. "बारीक सुईने आतला थेंबभर काढतात आणि काचेवर घेऊन बघतात, गाठ साधी आहे की वाईट."

"गाठीला सुई लावली की ती खवळते, हे मला शिकवू नकोस. अन् सुई चुकली, वाचा गेली तर? मी मुकी होऊन सुनांच्या हाताखाली जगू?"

"सुईने गाठ खवळत नाही, मावशी. आणि वाचेचं म्हणाल, तर गाठ वाईट असली आणि तशीच वाढू दिली, तर तीच आवाज गिळेल. सुई रक्त काढतात त्याच्याहून बारीक असते. बेशुद्ध करत नाहीत. जेवून या. खांद्याखाली उशी देतील, डोकं मागे टाकायला लावतील. सुई आत असेल तेवढा वेळ बोलायचं नाही, गिळायचं नाही, खोकायचं नाही. पंधरा आकडे मोजायचे, मनात. असं दोन-तीनदा."

"तेवढंच अवघड हाय बघा वहिनींना, न बोलणं," मीरासाहेब बोलून गेले.

जाईबाईने त्यांच्याकडे वळून पाहिलं. "तुमाला ठाऊक होतं."

"व्हय."

"मग बोलला का न्हाई?"

"भ्यालो."

"माझ्या गाठीला?"

"तुमच्या तोंडाला, वहिनी."

जाईबाई सहा दोऱ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कवा यायचं ते सांग, पोरी."

दवाखान्यात सलिमाने मला काढून मुठीत घेतलं. जाईबाई उताणी पडली, हनुवटी छताकडे. उघडा गळा बोकडाच्या गळ्यासारखा दिसत होता. सलिमाच्या बोटांच्या फटीतून माझ्या मण्यांवर उजेड पडला आणि प्रत्येक मण्यात एकेक इवला गळा उमटला. डॉक्टरांनी दोन बोटांत गाठ धरली. गार कापूस फिरला. शेकडो गळ्यांत शेकडो सुया एकाच वेळी शिरल्या.

सुई आत पुढे-मागे झाली. जाईबाईचे डोळे उघडे होते, ओठ मिटलेले. एकोणीस वर्षांत जागेपणी तिचा गळा इतका गप्प मी पाहिला नव्हता. आणि त्या शांततेत मला जाणवलं, की तेही श्वास धरून बसलंय. पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या दाराला हात लावला होता.

सुई निघाली. लालसर थेंब काचेवर पसरला. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या खेपेला नुसतं रक्तच आलं, आजी. अजून दोनदा." जाईबाईने बोटाने खूण केली, घाला. तिसऱ्यांदा सुई निघाल्यावर कापूस दाबून धरायला सांगितला. गळ्यावर मोहरीएवढा ठिपका, भोवती निळसर डाग, बस्स. उठून बसल्यावर तिने आधी आवाज तपासला.

"एवढ्यासाठी मी इतकी वर्षं दोऱ्याला शिव्या घातल्या होय?"

आठ दिवसांनी निकाल आला. गाठ वाईट होती. "पण बाहेर पसरलेली दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणखी वर्षभर थांबला असता तर मी असं बोललो नसतो." ऑपरेशन झालं. महिनाभर तिच्या गळ्यातून नुसता वारा निघायचा. एका सकाळी त्या वाऱ्याचा शब्द झाला, तो सुनेच्या नावाने होता, आणि सून दारात बसून आनंदाने रडली.

मग मीरासाहेब स्वतः डबा घेऊन मोशीला आले. जाईबाईने दोरा घेतला, जखमेच्या रेघेवरून नेला, चिमटला. तो १९६२ सालच्या दोऱ्याशी तंतोतंत जुळला. मीरासाहेबांनी सातही दोरे पुन्हा डब्यात ठेवले. नदीकडे कोणीही पाहिलं नाही.

आता मी जाईबाईच्या नातीच्या, इंद्रायणीच्या गळ्यात असते. पण आधी दर सणाला एक रीत पार पडते. जाईबाई तिला उजेडात उभी करते, चिरक्या आवाजात म्हणते, "पाणी पी." पोरगी हसते, घोट घेते. मी वर जाते. माझ्यामागून काही येतंय का, म्हणून कान देऊन थांबते. खाली येते.

अजून तरी मी एकटीच आहे.

मित्रांनो, दागिना मुका असतो. त्याला फक्त टोचता येतं. तो टोचू लागला, तर दोरा लांबवून घेऊ नका. आधी दागिना काढा, उजेडात उभे राहा आणि एक घोट पाणी गिळा.