मेण लागलेली चिठ्ठी

रविवारी सकाळी साडेदहा वाजता उपासना संपली आणि चर्चच्या मागची खोली टेलरबाईला लागली.

पितळी थाळीत चार चिठ्ठ्या होत्या. सिस्टरबाईंनी डोळे मिटून हात घातला, एक उचलली. पाळकांनी ती उलगडून नाव वाचलं. सिस्टरबाई म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स. मंडळीत वयाने सर्वांत मोठ्या, म्हणून चिठ्ठी काढायचा मान त्यांचा. टाळ्या पडल्या. टेलरबाई लगेच उठली नाही. शेजारणीने कोपराने ढोसल्यावर ती पुढे आली. पाळकांनी तिथल्या तिथे तिच्या हातात चावी दिली.

लोक पांगल्यावर पाळक थाळी आवरायला गेले, तेव्हा निघालेल्या चिठ्ठीच्या घडीवर त्यांना मेणाचा थेंब दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, घट्ट झालेला. बाकीच्या तीन चिठ्ठ्या स्वच्छ होत्या.

ती खोली चर्चच्या आवारात मागच्या भिंतीला लागून आहे. पूर्वी तिथे घंटा वाजवणारा राहायचा. आताच्या घंटेवाल्या काकांचं स्वतःचं घर आहे, त्यामुळे खोली मंडळीतल्या गरजू कुटुंबाला नाममात्र भाड्याने मिळते. मागणारे नेहमी जास्त असतात. म्हणून या मंडळीत जुनी रीत आहे: नावं लिहायची, प्रार्थना करायची आणि चिठ्ठी काढायची. जे नाव निघेल ते देवाचं उत्तर. त्यावर कुरकुर नाही, निदान तोंडावर तरी नाही.

टेलरबाईची गरज सगळ्यांना माहीत होती. नवरा गेल्यापासून ती मुलीला घेऊन धाकट्या दिराकडे राहत होती, आणि जावेने महिनाअखेरपर्यंत दुसरीकडे बघा असं तिला स्पष्ट सांगितलं होतं. सुताराची गरजही माहीत होती. त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना जिने चढवत नव्हते. बाकी दोन नावं कोणी फारशी धरली नव्हती.

पाळक गेल्या वर्षी बदलून आले. आल्या आल्या त्यांनी चर्चच्या मेळाव्यातली सोडत बंद केली. तीत कूपनं विकायची, एकाला कुकर द्यायचा आणि उरलेले पैसे निधीत टाकायचे अशी पद्धत होती. पाळक म्हणाले, हा जुगार आहे, देवाच्या घरात चालणार नाही. निधी आटला. तेव्हापासून घंटेवाले काका त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत. खोलीची चिठ्ठी ठरली तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"कुकरची चिठ्ठी म्हणजे जुगार आणि खोलीची चिठ्ठी म्हणजे प्रार्थना? मला अडाण्याला जरा समजावून सांगा."

"कुकरसाठी सगळ्यांनी पैसे घातले आणि एक सोडून सगळ्यांचे गेले," पाळक म्हणाले. "खोलीसाठी कोणी काही घातलेलं नाही. बायबलात प्रेषितांनीसुद्धा आपल्यातला बारावा माणूस चिठ्ठ्या टाकूनच निवडला."

"आणि क्रुसाखाली बसून शिपायांनी प्रभूचा झगा मिळवला, तोही चिठ्ठ्या टाकूनच."

"फरक तिथेच आहे, काका. शिपायांना झगा हवा होता. प्रेषितांना उत्तर हवं होतं."

काका मान हलवत निघून गेले. पाळकांना स्वतःला हे बोलणं आवडलं होतं.

पूर्वी चिठ्ठ्या आदल्या रात्री मंडळीच्या पंचांपैकी कोणाच्या तरी घरी राहायच्या. कोणाला बोट दाखवायला जागा नको, म्हणून पाळकांनी या वेळी नियम बदलला. शनिवारी दुपारी त्यांनी चारही नावं स्वतः लिहिली, स्वतः घड्या घातल्या, थाळी वेदीवर ठेवली, मेणबत्ती लावून प्रार्थना केली, मेणबत्ती विझवली आणि पुढच्या दाराला कुलूप लावलं. त्या मेणबत्तीचा थेंब पडला असणं शक्य होतं. पण थाळीत दुसरा थेंब नव्हता, वेदीच्या कापडावर नव्हता. एकच थेंब होता आणि तो नेमका निघालेल्या चिठ्ठीवर होता.

पाळकांनी चिठ्ठी खिशात टाकली आणि कोणाला काही सांगितलं नाही.

सोमवारी पाळकबाई बेकरीतून बातमी घेऊन आल्या.

"तुमच्या चिठ्ठीवर पैजा लागल्या होत्या म्हणे. गॅरेजमध्ये."

"कोणी लावल्या?"

"कोणी नाही लावल्या ते विचारा. सगळ्यांनी सुतारावर लावल्या. टेलरबाईच्या दिराने एकट्याने वहिनीवर लावली. सगळे पैसे त्याच्या खिशात गेले."

पाळक चहा तसाच टाकून निघाले.

गॅरेजमध्ये दीर गाडीखाली होता. बाहेर नुसते पाय दिसत होते.

"मी आलोय," पाळक म्हणाले.

"बुटांवरून ओळखलं, पाळकसाहेब. एवढं पॉलिश इथे कोण करून येतं?"

"तू चर्चच्या चिठ्ठीवर पैज लावलीस?"

"लावली. मॅचवर लावली म्हणून मॅच हलत नाही. चिठ्ठी कशी हलेल?"

"निघालं तू लावलेलंच नाव."

"म्हणजे मी देवाला फोडलं म्हणता?" गाडीखालून हसण्याचा आवाज आला. मग तो फडक्याला हात पुसत बाहेर सरकला. "सगळे सुतार सुतार करत होते. मी म्हटलं, आपली वहिनी. घरच्या माणसावर नाही लावायचे तर कोणावर लावायचे?"

"वहिनी घरातून गेली तर तुलाही सोयीचंच."

"खोटं कशाला बोलू? सोयीचंच आहे. दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत, माझ्याशी बोलतात. 'तुमच्या वहिनींना सांगा, मीठ संपलंय.' ती शेजारीच उभी असते. मी मेकॅनिक आहे, पाळकसाहेब, टेलिफोन नाही."

पाळक हसले नाहीत. "शनिवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"चर्चमध्ये."

तो हे इतक्या सहज म्हणाला की पाळकांना पुन्हा विचारावं लागलं.

"मागच्या दाराचं कुलूप अडकलं होतं. काकांनी बोलावलं. तेल घातलं, सुटलं."

"आत गेला होतास?"

"कुलूप दोन्ही बाजूंनी बघावं लागतं." आता त्याने मान वर केली. "काय झालंय काय?"

"काही नाही."

"जिंकलेले पैसे दानपेटीत टाकले तर चालतील?"

"नाही."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून तो पुन्हा गाडीखाली गेला.

घंटेवाले काका आवारात झाडत होते. कुलपाची गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली. दीर आत असताना आपण सोबत होतो, हेही सांगितलं. मग म्हणाले, मध्ये तेलाचा डबा आणायला घरी गेलो होतो.

"म्हणजे तो आत एकटा होता."

"तेल आणायला असा किती वेळ लागतो?" काकांनी झाडू भिंतीला टेकवला आणि आवाज खाली आणला. "माझं ऐकाल तर हे रद्द करा. परत काढा. मेण लागलेली चिठ्ठी म्हणजे..."

ते मध्येच थांबले. पाळकांनी मेणाचं नाव काढलं नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलं. काढली तेव्हा. मी पहिल्या बाकावर होतो."

"तुम्ही कोणावर लावले होते, काका?"

काकांनी झाडू पुन्हा हातात घेतला. "सुतारावर," ते म्हणाले. "सगळ्यांनीच लावले होते."

पहिल्या बाकावरून तेवढा थेंब दिसतो का, हे पाळकांनी संध्याकाळी बाकावर बसून पाहिलं. चिठ्ठी त्यांनी वेदीच्या कडेला ठेवली होती. थेंब दिसला नाही. पण काकांना निशाणी करायची असती तर त्यांनी ती सुताराच्या चिठ्ठीवर केली असती. की घड्या न उघडता त्यांना ती ओळखता आली नाही? की थेंब टाकला तोच नको असलेला निकाल मोडता यावा म्हणून? पाळकांनी दिवे घालवले आणि घरी गेले. जेवताना पाळकबाईंनी दोनदा विचारलं, तरी त्यांनी काकांबद्दल सांगितलं नाही.

सिस्टरबाईंकडे ते मंगळवारी गेले. त्यांच्या बोटांबद्दल मंडळीत सगळ्यांना माहीत होतं. इस्पितळात कोणाची शीर सापडेनाशी झाली की त्यांना बोलावत.

"सिस्टरबाई, चिठ्ठी उचलताना हाताला काही लागलं होतं?"

"लागलं की. खडा लागला."

"मग?"

"मग काय? तीच उचलली."

पाळक खुर्चीत पुढे सरकले. "का?"

"मी प्रार्थना केली होती, प्रभू, मला कळू दे. बोटाला खडा लागला. मला वाटलं, कळलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खडा लागला तर घ्यायची नाही, असं तुम्ही सांगितलं नव्हतं."

"नाव कोणाचं आहे ते माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार? माझे डोळे मिटले होते."

खिडकीला नवा पडदा होता. काठ बारीक टाक्यांनी शिवलेला. पाळकांची नजर तिकडे गेलेली सिस्टरबाईंना दिसली.

"हो, तिनेच शिवलाय," त्या म्हणाल्या. "पैसे देऊन शिवून घेतलाय. तुमचा कोटसुद्धा तिनेच उसवून मोठा केलाय ना?"

तो कोट पाळकांच्या अंगावर होता.

बुधवारी ते खोलीवर गेले. टेलरबाईने सोमवारीच सामान हलवलं होतं. मशीन खिडकीपाशी होती, मुलगी जमिनीवर बसून भिंतीच्या फटीत माती भरत होती. पाळकांनी तिला सगळं सांगितलं, थेंबापासून सिस्टरबाईंपर्यंत. तिने काम थांबवून ऐकलं.

"म्हणजे खोली सोडू?"

"ते पंच ठरवतील."

"माझ्या जागी जावेने कपाट ठेवलंय. परत जाऊन कुठे राहू, कपाटात?"

"दिराने पैज लावली होती हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"ठाऊक असतं तर त्याला सोडला असता का?" तिने मापाची पट्टी गुंडाळून ठेवली. "मी काय लावलं होतं, पाळकसाहेब? माझ्या नावावर दुसऱ्यांनी खेळायचं, आणि हरायचं कोणी? मी?"

 आतापर्यंत पाळकांनी हा प्रश्न असा पाहिलाच नव्हता. लावणारा आणि घेणारा एवढेच त्यांच्या डोक्यात होते.

"मेणबत्ती कोणी लावली होती?" तिने विचारलं.

"मी."

"नावं कोणी लिहिली?"

"मीच."

"आणि खोली कोणाला मिळावी असं तुम्हाला वाटत होतं?"

मुलीने वर पाहिलं. पाळकांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शनिवारी त्यांनी चौघांसाठी प्रार्थना केली होती, एकेक चिठ्ठी हातात घेऊन. टेलरबाईची शेवटी घेतली होती आणि तिच्यापाशी ते जरा जास्त थांबले होते. तेव्हा मेणबत्ती दुसऱ्या हातात होती की वेदीवर होती, हे त्यांना कितीही आठवून आठवत नव्हतं.

"मी येतो," ते म्हणाले.

गुरुवारी पंचांची बैठक झाली. पाळकांनी दिराचं सांगितलं, काकांचं सांगितलं, सिस्टरबाईंचं सांगितलं आणि मग स्वतःचंही सांगितलं. यातलं शेवटचं ऐकून खजिनदार म्हणाले, "हे तुम्ही बोलला नसतात तर बरं झालं असतं." तासभर वाद झाला. पैज लागली म्हणून चिठ्ठी बाटली का, यावर दोन मतं होती. थेंब पडला म्हणून बाटली का, यावर तीन. अखेर ठरलं: येत्या रविवारी चिठ्ठ्या पुन्हा काढायच्या, झाकणाच्या डब्यातून, मेणबत्ती न लावता. टेलरबाईला नाव पुन्हा देण्याची मुभा आहे.

हा निरोप घेऊन पाळक स्वतः टेलरबाईकडे गेले. ती दारातच उभी राहिली.

"एकदा देवाला विचारलं. उत्तर मिळालं. ते पटलं नाही म्हणून परत विचारायचं, आणि पटेपर्यंत विचारत राहायचं. याला तुम्ही काय म्हणता?"

"शंका फेडणं म्हणतो."

"मी जुगार म्हणते. मी खेळत नाही."

तिने नाव दिलं नाही आणि चावीही दिली नाही. पाळकांनी चावी मागितली नव्हती.

शनिवारी सकाळी बेकरीतून पुढची बातमी आली. गॅरेजमध्ये पुन्हा पैसे लागले होते. या वेळी नावांवर नाही. पाळक टेलरबाईला बाहेर काढतात की नाही, यावर. दीर या वेळी पैसे लावायला नाही म्हणाला, असं दीरच सांगत होता. काकांचं कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

दुपारी पाळक चिठ्ठ्या लिहायला बसले, तेवढ्यात सुतार आला. बसला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, "माझं नाव लिहू नका."

"का? वडिलांचं काय?"

"बघू काहीतरी."

"तुला कोणी काही दिलं का?"

सुताराने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं," तो म्हणाला आणि निघून गेला.

डब्यात दोन चिठ्ठ्या आहेत. खोलीची चावी टेलरबाईकडे आहे. संध्याकाळी मागच्या दाराचं कुलूप पाळकांनी स्वतः लावून पाहिलं. ते लागलं, पण किल्ली बाहेर निघेना. दुरुस्तीला कोणाला बोलवायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही.