मुंगीचं पीठ

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. दळण घेऊन येणाऱ्या बायका आधी माझा चेहरा बघतात, मग डबा खाली ठेवतात. नवरा म्हणतो, "वीज गेली तरी आपली गिरणी हिच्या तोंडावर चालेल." तो लांबच्या गाड्या चालवतो, महिन्यातले वीस दिवस घरी नसतो, म्हणून त्याला असले विनोद सुचतात.

मुलगी सात वर्षांची. एकेक शीत उचलून खाते म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणतो. तिच्या आतड्याला गव्हाचं वावडं आहे, जन्माचं. चिमूटभर पोटात गेला तरी पोट टम्म फुगतं, जुलाब लागतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. औषध नाही. गहू तोंडात जाऊ द्यायचा नाही, एवढंच. आणि आमच्या पोटाला घालते ती गव्हाची गिरणी.

मी डोळ्यांत तेल घालून बसायचे. शेजारीण तिला केक भरवत होती, तिच्या हातातली बशी मी भिंतीवर फेकली. शाळेतली एक बाई म्हणाली, "एका बिस्किटानं काय होतंय?" तिला मी धक्के मारत दारापर्यंत नेलं. तिचा चष्मा फुटला. मला जराही वाईट वाटलं नाही.

तरी वजन घसरतच होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंधरा किलो. महिन्याभरात सोळा झाले नाहीत तर इथे ठेवून नाकातून नळी घालावी लागेल. घरात कुठून तरी गहू जातोय तिच्या पोटात. शोधा."

शोधायचं काय त्यात? दीर आमच्याच माडीवर राहायचा. एकटा जीव. गिरणीचे दगड गुळगुळीत झाले की छिन्नी-हातोडा घेऊन त्यांना टाकी लावायचा, खाचा पुन्हा खोल करायचा. त्याच्या खिशात कायम बिस्किटं, आणि मुंगीवर त्याचा भारी जीव.

घरी येताच मी तिला भिंतीशी उभं केलं.

"कुणी दिलं?"

"कुणीच नाही."

मी थोबाडीत मारली. "कुणी दिलं?"

"आई, पोटात दुखतंय."

दुसरी मारली. तिसरी मारली. "काकानं दिलं ना? घे त्याचं नाव!"

चौथ्या थपडेला ती म्हणाली, "काकानं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली गिरणीत गेले तर दीर वरचा दगड उलटा करून टाकी लावत बसलेला. मान वर करून हसला. "या वहिनी, बघा कसा झालाय दगड."

पट्टा आवळायचा लोखंडी पाना मी उचलला. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर बसायचा, पण त्यानं उजवा हात आडवा घातला आणि मनगटाचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. तो दगडावर आपटला, ओठ फाटला. खाली पडल्यावर मी त्याच्या बरगडीत लाथा घातल्या. सांडलेल्या पिठात रक्ताचे गोळे झाले. त्यानं हात उगारला नाही. "वहिनी, मी नाही हो दिलं," एवढंच म्हणत राहिला. तीन गिऱ्हाइकांनी मला ओढून काढलं. त्यातल्या एकीच्या हाताला मी चावले.

दुसऱ्या दिवशी तो हाताला प्लास्टर घालून मित्राकडे राहायला गेला. पोलिसांना म्हणाला, जिन्यावरून पडलो. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं.

मग मी मुंगीची शाळा बंद केली. बाहेरच्या दाराला कुलूप. तिला माझ्याशिवाय कुणी भरवायचं नाही. तिचं तांदळाचं पीठ तर पहिल्यापासून मीच दळायचे. गहू दळून झाला की आधी किलोभर तांदूळ दगडातून फिरवायचा, तो टाकायचा, मग तिचा तांदूळ घालायचा. त्या पिठाची पेज सकाळ-संध्याकाळ. ती नको म्हणाली की मी तिचं नाक दाबायचे आणि तोंड उघडलं की ओतायचे. ओकली की पुन्हा ओतायचे. ती रडायची, मीही रडायचे, पण वाटी रिकामी झाल्याशिवाय सोडायचे नाही. सोळा किलो हवे होते मला.

तीन आठवड्यांनी दवाखान्यात तिला काट्यावर उभं केलं. सव्वाचौदा.

नर्सनं विचारलं, "पीठ कुठून आणता?"

"घरचं आहे. माझीच गिरणी," मी तोऱ्यात म्हणाले.

"गहू दळता त्याच दगडावर?"

"आधी किलोभर तांदूळ फिरवते ना. दगड धुतल्यासारखा होतो."

तिनं पेन खाली ठेवलं. "अहो बाई, दगडाच्या खाचांत बसलेला गहू असा निघतो होय? तुम्ही रोज गहूच घालताय तिला."

मुंगीला घरी आणून मी खाटेवर निजवलं आणि खाली जाऊन गिरणी खोलली. खाचाखाचांत गव्हाचं पीठ घट्ट बसलं होतं. नखानं उकरलं तर खपल्या निघाल्या. दीर होता तोवर टाकी लावताना तारेच्या ब्रशनं घासत तरी होता. तीन आठवडे कुणी हात लावला नव्हता आणि मी दोन्ही वेळा नाक दाबून पाजत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी, आणि चोर गिरणीच्या गादीवर बसून होता.

त्याचाच हातोडा उचलून मी दगडावर घातला. पुन्हा घातला. दगडाची कपची उडून भुवईत घुसली, तरी थांबले नाही. पट्टा तोडला, धान्य घालायचा डबा ठोकून चपटा केला. तोंडानं काय ओरडत होते मलाच कळत नव्हतं. बाहेर माणसं जमली, आत यायची कुणाची छाती झाली नाही.

आवाजानं मुंगी जिना उतरून आली. पोटावर हात, पाय काडीसारखे. मला तिला सांगायचं होतं की चूक माझी होती, काकाची नव्हती, तुझी तर नव्हतीच. तिला उचलून घ्यायला मी पुढे झाले. भुवईचं रक्त डोळ्यात ओघळत होतं आणि हातोडा हातातच होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ती मागे सरत भिंतीला टेकली. दोन्ही गाल तळहातांनी झाकून घेतले.

"आई," ती म्हणाली, "आता कुणाचं नाव घेऊ?"