सायकलीपुरता रस्ता

मी एक जुना रस्ता आहे, मित्रांनो. इतका अरुंद, की समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलवाल्याला द्राक्षवेलींच्या ओळीत पाय टेकून उभं राहावं लागे. फ्रान्समधल्या बोजोलेच्या टेकड्यांत, व्होबेल आणि ला रोशेत या दोन गावांच्या मधे मी चढतो, वळतो आणि उतरतो. माझ्या कडेला मैलाचे दगड नाहीत, अंगावर पांढरे पट्टे नाहीत. नकाशावर मी केसाएवढा दिसतो, तोही चष्मा लावला तर.

मला कुणा कंत्राटदाराने बांधलं नाही. द्राक्षं पिकवणाऱ्या माणसांनीच थंडीत, बागेतलं काम जरा हलकं असताना, मला घडवलं. नांगराला आडवे येणारे गुलाबी दगड त्यांनी वेचून आणले, फोडले, पसरले आणि ठोकून बसवले. वरच्या अंगाला उतार होता तिथे चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून बांध घातला. माझ्यावरून बैलगाड्यांतून दारूची पिंपं गेली, लग्नं गेली, शवपेट्या गेल्या. पुढे डांबर पडलं तेव्हा मी फार ऐटीत होतो. आता आपलं नशीब उघडलं, असं मला वाटलं होतं.

नशीब उघडलं ते खालच्या दरीतल्या मोठ्या रस्त्याचं. तो झाला आणि मोटारवाले मला सोडून गेले. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. माझ्या मध्यावर गवत उगवलं, कडा ढासळल्या. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग सायकलवाले आले. लांबलांबच्या शहरांतून, बारीक चाकांच्या सायकली घेऊन. "इथे ट्रकच नाहीत रे!" असं ते एकमेकांना ओरडून सांगत, जणू मी लपवून ठेवलेला खाऊच होतो. पाणी संपलं की ते माझ्या वळणावरच्या दफनभूमीत शिरत. थडग्यांवरच्या फुलांसाठी तिथे नळ असतो, हे इथल्या प्रत्येक सायकलवाल्याला ठाऊक असतं. बाटली भरायची, आत झोपलेल्या मंडळींसमोर टोपी काढायची आणि चढाला लागायचं. एकदा द्राक्षतोडीच्या दिवसांत एका पाहुण्याने पाण्याऐवजी घाण्यावरचा ताजा रस बाटलीत भरून घेतला होता. उन्हात तो रस फसफसला, चढाच्या मध्यावर बूच उडालं, पाहुणा आपादमस्तक चिकट झाला आणि मागे गांधीलमाश्या लागल्या. तो चढ इतक्या झपाट्याने त्याच्याआधी कुणी चढला नव्हता.

हे सगळे पाहुणे उन्हाळ्यातले. बारा महिने माझ्यावरून जाणारं माणूस एकच होतं, व्होबेलच्या सोलांजबाई. वय सत्तरीच्या पुढे, मोटार कधी शिकल्या नाहीत, सायकल त्यांच्या लग्नाच्या वेळची. त्यांची थोरली बहीण उगेत ला रोशेतच्या वृद्धाश्रमात असते. तिचे पाय आता चालत नाहीत, जीभ मात्र उत्तम चालते. दर गुरुवारी सोलांजबाई पिशवीत चीज घालून तिच्याकडे जात. दोघी पत्ते खेळत, एकमेकींवर लबाडीचे आरोप करत आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा खेळायला बसत. दरीतल्या मोठ्या रस्त्याने त्या एकदाच गेल्या होत्या. ट्रकच्या वाऱ्याच्या झोताने सायकलसकट चरात पडल्या. तेव्हापासून बहिणीकडे जायची वाट म्हणजे मी आणि फक्त मीच.

एका पावसाळी शरदात माझा तो दगडी बांध कोसळला. दगडांचा ढीग थेट माझ्या अंगावर. गावाने दोन्हीकडे लाल-पांढरे अडसर लावले आणि हात झटकले. सोलांजबाई मात्र सायकल खांद्यावर घेऊन दगडांवरून पलीकडे जात राहिल्या. डिसेंबरात एका गुरुवारी व्होबेलच्या मेयरने, फिर्मांने, त्यांना तिथेच गाठलं.

"सोलांजबाई, या वयात दगडांवरून उड्या मारता? पडलात म्हणजे माझ्या डोक्याला ताप!"

"मग बांध उभा करा. ताप उतरेल."

"कुणासाठी करू? आम्ही गाड्या मोजायचं यंत्र लावून पाहिलं. अडसराच्या अलीकडे रस्त्यावर रबरी नळी टाकली होती. एकही गाडी गेली नाही हो!"

"अहो, मी गेले की! तुमच्या त्या नळीवरूनच गेले. मला वाटलं साप आहे."

फिर्मांने कान खाजवला. "तुम्ही म्हणजे... हलक्या आहात. ते यंत्र मोटारींचं आहे."

"म्हणजे मी वजनात कमी भरले, म्हणून मी गेलेच नाही? आणि सायकलवाल्यांचा रस्ता भर थंडीत मोजायचा, ही अक्कल कुणाची?"

अक्कल फिर्मांचीच होती, म्हणून त्याने विषय बदलला. ला रोशेतचे बागायतदार लापालू यांनी मला विकत मागितलं होतं. माझ्या दोन्ही अंगांना त्यांच्या बागा. मला नांगरून टाकलं की दोन्हींची मिळून एक सलग बाग होणार होती. संत व्हिन्सेंटचा सण झाला की गावसभा बसून मला कागदावरून पुसून टाकणार होती.

"बरं," सोलांजबाई म्हणाल्या. "मग सणालाच बोलू." आणि सायकल उचलून पलीकडे गेल्या. प्रत्येक दगड त्या आधी पायाने चाचपत आणि मगच त्यावर भार टाकत होत्या. मला ते कळलं, कारण भार माझ्यावरच होता.

आता हा सण काय, ते ऐका. संत व्हिन्सेंट हा द्राक्षवाल्यांचा संत. आमच्या दोन गावांत मिळून त्याची एकच लाकडी मूर्ती आहे. ती वर्षभर एका घरी राहते आणि जानेवारीतल्या सणाला वाजतगाजत दुसऱ्या गावातल्या घरी जाते. ज्याच्या घरी संत राहिला, त्यानेच त्याला पोचवायचं आणि कोणत्या वाटेने न्यायचं हेही त्यानेच ठरवायचं, अशी रीत. त्या वर्षी संत सोलांजबाईंच्या घरी होता आणि जाणार होता लापालूंच्या घरी.

अलीकडे संत व्हॅनमधून जाई, मोठ्या रस्त्याने, हीटर लावून. त्या सकाळीही चर्चपुढे व्हॅन उभी होती. सोलांजबाई आल्या त्या सायकल ढकलत. मागच्या कॅरिअरवर घोंगडीत गुंडाळलेला संत दोरीने बांधलेला होता.

"अहो, व्हॅनमध्ये ठेवा ना," फिर्मां म्हणाला. "केवढी थंडी आहे!"

"थंडी संताला वाजत नाही, तुम्हाला वाजते. बसा तुम्ही व्हॅनमध्ये. तो माझ्याबरोबर टेकडीवरून येतोय."

संताला सोडून व्हॅनमध्ये बसायची हिंमत कोण करणार? सगळं गाव पायी निघालं. सणाचे कपडे, चकचकीत बूट, पितळी वाद्यं. कित्येक वर्षांनी माझ्यावर एवढी पावलं पडली. मित्रांनो, दहिवर पडून मी पार गोठलो होतो, तरी मला ऊब वाटली.

ढिगापाशी मिरवणूक थांबली. वाद्यांचा आवाज ऐकून पलीकडून लापालू धापा टाकत वर आले होते. त्यांच्या घरी सूप उकळत होतं, पाहुणे खोळंबले होते. त्यांनी दोन्ही हात पसरले.

"द्या इकडे, सोलांजबाई. मी उचलून घेतो."

"बटाट्याच्या पोत्यासारखा? मुळीच नाही. तो रस्त्याने येईल, नाहीतर परत माझ्या घरी जाईल. मला काय जड आहे? खात नाही, खोकत नाही. राहील आणखी एक वर्ष."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. लापालूंचा चेहरा बिटासारखा झाला. संत दारापर्यंत येऊन परत फिरला, ही गोष्ट एखाद्या द्राक्षवाल्याच्या घराण्याला चिडवायला पिढ्यानपिढ्या पुरली असती.

"हा हट्ट आहे तुमचा!"

"आहेच," सोलांजबाई म्हणाल्या. त्यांनी सायकल बँडबाजावाल्या पोराच्या हातात दिली, हातमोजे काढले आणि एक दगड उचलला. तो त्यांना पेलेना. पण त्यांनी सोडलाही नाही.

फिर्मांने कोट काढून व्हॅन सोडून पायीच आलेल्या ड्रायव्हरकडे फेकला आणि दगडाची दुसरी बाजू धरली. मग म्हातारे पुढे आले आणि भांडू लागले. "मोठा खाली घाल!" "अरे, आतल्या अंगाला झुकव, गाढवा, नाहीतर पुन्हा पडेल!" सणाचे बूट चिखलाने माखले. पलीकडून लापालू बराच वेळ नुसते पाहत राहिले. शेवटी त्यांनी बाह्या सरसावल्या, बहुधा सूप गार होईल म्हणूनच. माझं बरं व्हावं असं त्यांच्या मनात काही नव्हतं.

दुपार कलली तेव्हा बांध कमरेएवढा उभा होता आणि ढिगातून एक वाट निघाली होती.

"झाली सायकल जाईल एवढी वाट," लापालू कपाळ पुसत म्हणाले. "पण माझ्या बागेचं काय?"

"मी तरी सायकलीपुरतीच मागत होते," सोलांजबाई म्हणाल्या. "उरलेली घ्या तुम्ही." आणि संताला घेऊन त्या पलीकडे गेल्या.

गावसभेत तसंच ठरलं. माझी निम्मी रुंदी लापालूंना गेली. नांगराने डांबर उचकटलं तेव्हा फार दुखलं, मित्रांनो. त्या जागी आता कोवळ्या वेली आहेत. उरलेल्या माझ्यावर मोटारींना मनाई झाली. सणानंतरच्या गुरुवारी सोलांजबाई बहिणीकडे गेल्या, पत्त्यांत हरल्या आणि तणतणत परतल्या.

मुलांनो, तुमच्याही आसपास असा एखादा बारका रस्ता असेल. त्यावरून चाला, सायकल चालवा. त्याच्या कडेचा दगड निसटलेला दिसला तर परत बसवा. रस्ता डांबराने टिकतो असं मोठी माणसं म्हणतात. मी एवढंच सांगेन, की कुणाला तरी कुणाकडे जायचं असेल तोवरच तो टिकतो.

आज गुरुवार. सोलांजबाई येत आहेत. आता शेवटच्या वळणावर त्या सायकलवरून उतरतात आणि हँडलला टेकून चालतात, थांबतात, पुन्हा चालतात. मला हलता येत नाही. येत असतं, तर तेवढा चढ मी त्यांच्यासाठी वाकून सपाट केला असता.