नुसता ‘चेक्ड’

मित्रांनो, मी एक जुना आणि जरा संशयीच शिक्का आहे. लाकडी मूठ, झिजलेले रबर आणि त्यावर इंग्रजीतला एकच शब्द, ‘चेक्ड’. माझे सारे आयुष्य शिड्यांच्या कारखान्यात गेले.

शेजारच्या खुंटीला ‘पास्ड’ नावाचा शिक्का असे. लोकांना आम्ही दोघे सारखेच वाटायचो. छे! माझे म्हणणे एवढेच, की ही शिडी कोणीतरी तपासली. ती कशी निघाली, याबद्दल मी चकार शब्द काढत नाही. ‘पास्ड’ म्हणतो, तपासली आणि कसोटीला उतरली. आमच्या तपासनीस बाईंना सगळे संशयकाकू म्हणत. त्या प्रत्येक पायरी चाचपून मला उमटवत, मग एकेका पायरीला वाळूचे पोते टांगत. पायरी कुरकुरली नाही, तरच शेजाऱ्याची पाळी येई.

काकूंचे यजमान वायरमन होते. एकदा ते कारखान्यातलाच दिवा बदलायला आले आणि भिंतीला टेकवलेल्या नव्या शिडीवर सरसर चढू लागले. तिच्यावर मी एकटाच उमटलो होतो. पण मला ओरडता थोडेच येते!

“अहो, उतरा आधी!” दारातून काकू ओरडल्या.

“अगं, तुझाच तर शिक्का आहे!”

“मी नुसती बघितलीये. भार कुठे टांगलाय अजून?”

“घ्या! शिडीवर संशय, माझ्यावर संशय, आता स्वतःच्या शिक्क्यावरही संशय!”

बडबडत ते उतरले. ते थांबले होते तिच्या पुढच्याच पायरीला दोघांनी मिळून पोते टांगले. कडकन पायरी मोडली आणि पोते फरशीवर फुटले. काकूंना रडूच आले.

आता शिड्यांवर ‘ओके’ असा चकचकीत स्टिकर लागतो. मी काकूंच्या घरी खणात पडून आहे, माझी शाई कधीच वाळली. मला त्या स्टिकरचा मुळीच भरवसा वाटत नाही. मित्रांनो, शिक्का दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तो नेमके काय सांगतो, ते आधी विचारा.

काकूंचे यजमान आता म्हातारे झालेत. तरी घरातल्या साध्या स्टुलावर चढतानाही ते आधी हाक मारतात, “अगं, नुसतं बघितलंयस, की भार टांगलायस?”