वरचं भाषन, खालचं भाषन

पंधरा वर्सं झाली, आमच्या गावात कालव्याची चारी खोदून ठेवलीय. पानी काय आलं न्हाई. पर चारी वाया गेली असं कुनी म्हनू नये. तिच्यात पोरं क्रिकेट खेळत्यात, शेळ्या वाऱ्याच्या आडोशाला बसत्यात, आन् मागल्या साली सुनीलच्या लग्नाचा मांडव तिच्यातच पडला हुता. एवढं लांबलचक मंगल कार्यालय जिल्ह्यात दुसरं न्हाई.

गाव तिसगावच्या पलीकडं. मतदारसंघ एकच, पर टोकं दोन. वरच्या टोकाला धरन, कालवा, ऊस, बंगले. खालच्या टोकाला आमी. ऊस आमी बी बघतो, पर त्यांच्या रानात, तोडायला गेल्यावर. वरची गावं मत देत्यात पानी आडवनाऱ्याला. आमी देतो पानी सोडनाऱ्याला. आन् दोन्हीकडची मतं घेऊन आमदार बापूसाहेब दोनदा निवडून आले. कसे आले, ते मला परवापत्तूर कळलं नव्हतं.

यंदा मतदान नेमकं ऊसतोडीच्या दिसात आलं. अर्धं गाव कारखान्यावर. आमच्या सरपंच पुष्पावतीकाकू थेट फडात येऊन उभ्या राहिल्या.

"वाल्मिक, समद्यांना गावाकडं चला म्हन. बापूसाहेबांनी शब्द दिलाय, यंदा चारीला पानी. चारशे मतं एकगठ्ठा द्यायचं मी कबूल केलंय."

मुकादम पुंजाराम आडवा आला. "तीन दीस तोड बंद? कारखाना मलाच तोडंल, काकू!"

"मग तू बी चल. तुजं बी मत हाय."

निघाला ट्रक. आन् हितं मी माती खाल्ली. गावात मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हनून ट्रकात दोन मोळ्या ऊस टाकला. प्रचाराचा शेवटचा दीस, सकाळी बापूसाहेबांची सभा. आमची कमान म्हंजे नेहमी दोन बांबू आन् लग्नातलं कापड. म्हनलं, आपन बी काय कमी न्हाई. उसाची कमान केली, पार शेंड्याच्या हिरव्या वाढ्यासकट. गाव खूश.

बापूसाहेब आले. गाडीत झोपले हुते. ड्रायव्हर आदिनाथनं हलवून उठवलं. डोळे चोळत उतरले, कमानीकडं बघितलं, स्टेजवर चढले आन् माईक धरला.

"माझ्या बागायतदार बंधू-भगिनींनो!"

म्हाताऱ्या सहादेवबाबानं मागं वळून बघितलं, कोन बागायतदार आलाय म्हनून.

"तुमच्या हक्काच्या पाण्यावर खालच्या लोकांचा डोळा आहे! पण मी जिवंत असेपर्यंत एक थेंब खाली जाऊ देणार नाही!"

सहादेवबाबानं टाळ्या वाजवल्या. खाली त्यांचा पीए दोन्ही हात हलवायला लागला. बापूसाहेबांना वाटलं, आवाज पोचत न्हाई. त्यांनी आवाज चढवला.

"आणि खालच्यांना पाणी कशाला हो? सहा महिने ते गावात नसतातच! आपल्याच फडात असतात! उद्या त्यांच्या रानात पाणी खेळलं, तर आपला ऊस तोडायला कोण येणार?"

माझ्या हाताला अजून उसाची कुसं टोचत हुती, तशीच ती हातात घेऊन मी उभा राहिलो. पंधरा वर्सं मला वाटायचं, पानी पुरत न्हाई म्हनून येत न्हाई. इंजिनेर तसंच सांगायचा. आमी बी माना हलवायचो.

काकू उठल्या. "बापूसाहेब, हे खालचंच गाव हाय."

मानूस पक्का. एक घोट पानी प्याला आन् म्हनला, "...असं आपले विरोधक म्हणतात!"

सहादेवबाबानं परत टाळ्या वाजवल्या.

"बाबा, हात खाली!" काकू खेकसल्या. "त्येला बी वाजवल्या, ह्येला बी वाजवतुया!"

"सवय हाय गं," बाबा म्हनला.

मग जो कालवा झाला, तसा कालवा गावात पैल्यांदाच वाहिला. बाया पुढं, आमी मागं. मी कमानीचा एक बांबू धरून वढला. राग त्या मानसाचा हुता का सोताचा, सांगता यायचं न्हाई. ऊस समदा गाडीच्या बॉनेटवर. आदिनाथ गाडी काढता काढता काचंतून वरडला, "मला का बोलता? त्यांचं ठरलेलं हाय! कमानीला ऊस दिसला की वरचं भाषन, कापड दिसलं की खालचं! तुमाला ऊस बांधायला सांगितलं कुनी?"

बापूसाहेब खिडकीतून, "पाच टँकर पाठवतो! आजच!"

आन् खरं सांगतो, त्यासरशी चार-पाच जन थांबले. पुंजाराम म्हनला, "काकू, टँकर तर टँकर. शब्द दिलाय आपन."

काकू त्याच्यावर अशा उलटल्या की मुकादम दोन पावलं मागं सरला. "शब्द? मी फडात येऊन ह्या लोकांच्या हातातला कोयता खाली ठिवला! बाया लेकरं घिऊन ट्रकात बसून आल्या! कशासाठी, आमाला पानी देनारच न्हाई हे ऐकाया? जा, बस त्याच्या टँकरवर!"

"मग मतं नानाला," कुनीतरी म्हनलं. नाना म्हंजे विरोधातला उमेदवार. त्याची सभा तिसऱ्या प्रहरी हुती.

नाना वेळेवर आला. कमान नव्हतीच, त्यामुळं बावरला. इकडं तिकडं बघत स्टेजवर चढला, कोरड्या चारीवर नजर गेली आन् त्याचा चेहरा खुलला. "माझ्या दुष्काळग्रस्त बांधवांनो..."

काकूंनी माईकवर हात ठिवला. "नाना, ते ऱ्हाऊ द्या. आदी वरचं भाषन करा."

"वरचं म्हणजे?"

"परवा तुमी धरनाच्या गावात सभा घेतली. तिथं पान्याबद्दल जे बोलला, ते जसंच्या तसं. टाळ्यासकट. मग हितलं करा. मग आमी ठरवू चारशे मतांचं."

नानानं पीएकडं बघितलं. पीएनं मोबाईलमधी बघितलं. आमी चारशे जन मांडी घालून बसलो हुतो, कुनालाच घाई नव्हती. नानानं कपाळ पुसलं, खाकरून घेतलं आन् प्यायला पानी मागितलं.

कुनी उठलं न्हाई.