करडी की निळी

दालनात गाड्या दोन, त्यांची बाजूची दारं आठ, आसनं दहा आणि गोंधळलेली माणसं तीन. चौथा विक्रेता. तो गोंधळलेला नव्हता, कारण त्याला दोन्ही विकायच्या होत्या.

एक करडी, एक निळी, दोन्ही हायब्रिड. इंधनात फरक नावापुरता, डिकीत फरक एका बॅगेचा. दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईनं माहितीपत्रकं इतक्यांदा वाचली होती, की आता कुठला आकडा कुठल्या गाडीचा हेच तिला आठवेना.

खरा प्रश्न बाबांचा होता. उजव्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर जुन्या बुटक्या गाडीत ताईच्या धाकट्या भावानं त्यांना उचलून बसवलं, तेव्हापासून त्यांनी गाडीत पाय ठेवला नव्हता. "पोत्यासारखं उचलणार असाल तर मी घरीच बरा." आज आले तेही काठी टेकत, चालत.

करडीत बाबा आपले आपण बसले. निळीत मात्र अडकले; धाकट्याला हात द्यावाच लागला.

"झालं तर मग, करडी," धाकटा म्हणाला. "सुटलो एकदाचे."

"निळी उंच असणार," बाबा खजील होऊन म्हणाले.

ताईनं मोजायची टेप लावली. दोन्हींची आसनं एकाच उंचीवर. पुन्हा मोजलं, तेच. तिचं डोकं चक्रावलं.

"ताई, हे दूध नाही. किती वेळा तपासशील?"

"थांब रे. बाबा, करडीत कुठल्या दारानं चढलात?"

"जे उघडं होतं त्यानं."

उघडं होतं ते उजवं. निळीची उजवी बाजू खांबाला चिकटलेली, म्हणून तिच्यात ते डावीकडून गेले. आणि तिथून दुखरा पाय आधी आत घालावा लागतो. म्हणजे गाडीही बदलली होती आणि दारही. प्रयोगशाळेत कुणी असं केलं असतं, तर ताईनंच त्याची खरडपट्टी काढली असती.

तिनं विक्रेत्याला निळी पुढे घ्यायला लावली.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" धाकट्यानं कपाळावर हात मारला. "आणि दोन्ही सारख्याच निघाल्या तर?"

"तर तू रंग निवड. आधी बाबा."

बाबांनी काठी तिच्या हातात दिली. "कुणी मधे यायचं नाही," त्यांनी बजावलं.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. उजव्या दारानं करडीत मदत शून्य, निळीत शून्य. डाव्या दारानं दोन्हींत एक हात. फरक दाराचा होता, गाडीचा नाही; आता रंग धाकट्यानं निवडायचा.